काहीच न घडण्याचे मोल

जुन्या गावगाड्यात जागल्याची नेमणूक ही मोठी विलक्षण गोष्ट होती. सुतार नांगर करून देई, कुंभार मडकी देई, चांभार मोट शिवून देई. त्यांच्या कामाचे फळ डोळ्यांना दिसे आणि हाताला लागे. जागल्याचे फळ दिसण्याजोगे नव्हते. त्याने रात्रभर गस्त घातली आणि सकाळी गाव जसेच्या तसे जागे झाले, एवढेच त्याचे पीक. तरीही सुगीच्या दिवसांत खळ्यावरचा त्याचा वाटा ठरलेला असे. या व्यवस्थेला दुसरी बाजूही होती. गावात चोरी झालीच, तर चोराचा माग काढून तो शेजारच्या गावाच्या शिवेला भिडविण्याची जबाबदारी त्याची, आणि ते न साधल्यास भरपाईचा बोजाही त्याच्यावर येई. ठरलेला वाटा आणि चुकीचा दंड, अशा दोन दोऱ्यांनी गावाने त्याची जाग बांधून ठेवली होती.

काहीच न घडण्याबद्दल माणसाला मोल कसे द्यावे, हा प्रश्न गावगाड्याबरोबर संपला नाही. आजचा जागल्या विमानतळावर क्ष-किरण यंत्राच्या पडद्यासमोर बसतो. आमच्या पिढीतील बहुतेकांची या जागल्याशी गाठ आता नित्याची झाली आहे. मुले-नातवंडे सातासमुद्रापलीकडे गेली, आणि ज्यांनी उभा जन्म इंदूर-देवास-उज्जैन या त्रिकोणात काढला ती मंडळी सत्तरीत कमरेचा पट्टा आणि पायांतले जोडे काढून परदेशी विमानतळांवर रांगेत उभी राहू लागली. शेवेचा पुडा, लोणच्याची बरणी, देवघरातील लहानशी पितळी घंटा, सारे एका काळ्या पट्ट्यावरून बोगद्यात शिरते आणि पलीकडे कोणी अनोळखी माणूस ते क्षणभर निरखतो. त्या क्षणभराच्या निरखण्यावर आपण आपला जीव ठेवतो. मग ते निरखणे चांगले व्हावे म्हणून त्या माणसाला अधिक पैसे द्यावेत काय, आणि दिल्यास कशाचे द्यावेत, हा प्रश्न वाटतो तितका परका नाही.

आमच्यापुरता तर तो घरातलाच आहे. आमची एक पुतणी लग्नानंतर अमेरिकेत गेली, यथाकाल तेथील नागरिक झाली आणि मुले मोठी झाल्यावर तेथील एका विमानतळावर तपासनीस म्हणून नोकरीस लागली. बातमी इंदूरला पोचली तेव्हा घरातील वडीलधाऱ्या मंडळींचे चेहरे उतरले. होळकरांच्या पदरी चाकरी केलेल्या घराण्यातील मुलगी परक्यांच्या पिशव्या उलगडते, हे त्यांच्या पचनी पडेना. त्या वेळी आम्ही दिवाणखान्यातील पणजोबांच्या तसबिरीकडे बोट दाखविले. पगडी, उपरणे आणि करारी मिशा असलेले आमचे पणजोबा दरबारच्या सायर खात्यात नाकेदार होते. येणाऱ्या-जाणाऱ्या बैलगाड्या थांबवून गोण्या उलगडून पाहणे हेच त्यांचे काम. त्यांनी गोणी उलगडली की तो मान, आणि त्यांच्या पणतूच्या मुलीने पेटी उलगडली की ती नामुष्की, हा हिशेब आम्हांला कधीच जुळविता आला नाही. मंडळी गप्प बसली. पटले मात्र नाही.

पुढे पुतणी सुट्टीत आली की आम्ही तिला तिच्या कामाविषयी खोदून विचारीत असू. त्याला कारणही होते. आम्ही स्वतः तीस वर्षे इंदूरच्या एका कापड गिरणीत फोल्डिंग खात्यात कापड तपासण्याचे काम केले. पडदा असो वा मेजावरून सरकणारे कापड असो, वाहत्या गोष्टीत विरळा दोष शोधणाऱ्या माणसाची जात एकच.

तिने सांगितले की पडद्यावर पिशवीतील वस्तू रंगांनी ओळखू येतात. अन्न, कापड, कागद, प्लास्टिक असे सेंद्रिय पदार्थ नारिंगी दिसतात, धातू निळे, आणि मधल्या घनतेच्या वस्तू हिरव्या. कित्येक स्फोटके सेंद्रिय असल्याने तीही नारिंगीच दिसतात; म्हणजे आपला मोहनथाळ आणि त्यांचे भय यांचा रंग एकच! हे चित्र काही सेकंदांत वाचायचे असते. पडद्यासमोर एकाच माणसाला फार वेळ बसवीत नाहीत, आलटून पालटून जागा बदलतात. युरोपात तर हा नियमच आहे की सामान्यतः सलग २० मिनिटांपेक्षा अधिक काळ चित्रे पाहू नयेत आणि त्यानंतर निदान १० मिनिटे डोळ्यांना त्या कामातून सुटका द्यावी.

या वीस मिनिटांमागे मोठा इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश विमानदलाचे रडारवाले समुद्रावरील पाणबुड्यांचा शोध घेत, तेव्हा असे दिसून आले की पडद्यावरचा ठिपका स्पष्ट असूनही काही वेळाने तो माणसाच्या ध्यानात येत नाही. नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञाने त्यावर साधाच प्रयोग रचला. कोऱ्या तबकडीवर एक काटा ठराविक टप्प्यांनी पुढे सरकतो आणि क्वचित एखादे वेळी दुप्पट उडी घेतो. ती उडी दिसली की कळ दाबायची. दोन तास एवढेच काम. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत आढळले की पहिल्या अर्ध्या तासानंतरच नजर उणी पडू लागते. माणूस आळशी नसतो, झोपलेलाही नसतो. तो टक लावून पाहत असतो आणि तरीही त्याला दिसत नाही. मॅकवर्थला आणखी एक गोष्ट सापडली. पाहणाऱ्याला त्याचे बरोबर आले की चुकले हे लगोलग सांगत राहिले, तर नजरेची ही घसरण बरीच रोखता येते.

दुसरा शोध त्याहून अस्वस्थ करणारा आहे. २००५ साली जेरेमी वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात एक लहानसा लेख प्रसिद्ध केला. प्रयोगात भाग घेणाऱ्यांना पिशवीसारख्या गर्दीच्या चित्रांत हत्यारे-अवजारे शोधण्यास सांगितले होते. दर दोन चित्रांपैकी एकात अवजार असे, तेव्हा त्यांच्या नजरेतून ७ टक्के अवजारे निसटली. शंभरात एकाच चित्रात अवजार ठेवले, तेव्हा तीच माणसे ३० टक्के अवजारांना मुकली. डोळे तेच, चित्रे तशीच. बदलले ते फक्त मिळण्याचे प्रमाण. जे क्वचितच असते ते पाहण्याचे मन सोडून देते. आता खऱ्या विमानतळाचा हिशेब पाहावा. २०२३ साली अमेरिकेतील विमानतळांवर प्रवाशांच्या हातसामानात ६,७३७ बंदुका-पिस्तुले सापडली, आणि त्यांतील बहुसंख्य भरलेली होती. आकडा मोठा वाटतो. पण दर दहा लाख प्रवाशांमागे ती आठही भरत नाहीत. प्रयोगशाळेत शंभरात एक म्हणजे विरळा, आणि येथे लाखात एकसुद्धा नाही. बॉम्बची गोष्ट तर सोडूनच द्यावी. अगणित पिशव्या पाहूनही एखाद्या तपासनिसाच्या साऱ्या नोकरीत तो एकदाही समोर येणार नाही, आणि तशीच आपली सर्वांची प्रार्थना आहे.

मग पैशाचा विचार सुचणे स्वाभाविकच आहे. प्रत्येक पकडीमागे बक्षीस लावा, माणूस डोळ्यांत तेल घालून पाहील, असे कोणीही म्हणेल. पैशाने काही होतच नाही असेही नाही. २००९ साली कॅलिफोर्नियातील संशोधकांनी दाखविले की विरळ वस्तू शोधणाऱ्याला ती सापडल्यास मोठे बक्षीस आणि निसटल्यास मोठा तोटा अशी रचना केली, तर निसटण्याचे प्रमाण खाली येते. मात्र येथे जरा थांबून नीट समजून घेतले पाहिजे. पाहणाऱ्याच्या मनात एक उंबरठा असतो. शंका किती दाटली म्हणजे ‘थांबा’ म्हणावयाचे, हे तो उंबरठा ठरवितो. नजरेची धार ही एक गोष्ट आणि उंबरठ्याची उंची ही दुसरी. पैसा उंबरठा सहज हलवितो. धार लावणे त्याला तितके साधत नाही. पकडीला बक्षीस ठेवले की उंबरठा खाली येतो, मग खरी हत्यारे अधिक अडतात आणि त्यांच्याबरोबर शेवेचे पुडे आणि देवघरातल्या घंटाही अधिक अडतात. उलट विनाकारण थांबविल्याबद्दल दंड ठेवला की उंबरठा वर जातो, रांग भराभर पुढे सरकते आणि तिच्याबरोबर नको ते पलीकडे जाते.

हे उंबरठ्याचे प्रकरण आम्ही वाचण्याच्या कितीतरी आधी डोळ्यांनी पाहिले होते. आमच्या फोल्डिंग खात्यात मेजावरून तागे उलगडत जात आणि आम्ही डाग, जाळी, तुटलेला बाणा, सुटलेला ताणा हुडकीत असू. एके वर्षी गिऱ्हाइकांच्या तक्रारी वाढल्या म्हणून वरून फर्मान निघाले की, तपासनिसाला दर दोषामागे काही पैसे जादा मिळतील. महिना उलटण्यापूर्वी कापडात दोषांचा पूर आला. साचे तेच होते, सूत तेच होते, विणकरही तेच होते. पण जेथे पूर्वी सुताची किंचित गाठ म्हणून सोडून देत तेथे आता खडूची खूण पडू लागली. चांगले तागे ‘सेकंड’ ठरून स्वस्तात जाऊ लागले. दोषामागे साचेवाल्याच्या पगारातून कापले जाई. त्यामुळे जो आमचा दिवाळीचा बोनस तो त्याच्या घरचा उपास झाला. पाळी सुटली की गेटाबाहेर बाचाबाची होऊ लागली. एकाच चाळीत राहणारे साचेवाले आणि तपासनीस एकमेकांच्या दारातून जाईनासे झाले.

मग फर्मान फिरले. खोटा दोष काढल्यास तपासनिसाचे पैसे कापण्याचे ठरले. लगेच कापड निर्दोष झाले. सारे तागे ‘फर्स्ट’ म्हणून पेटीत बांधले गेले आणि दोन महिन्यांनी गिऱ्हाइकाकडून परत आले. या सर्व काळात खात्यातील एका वृद्ध तपासनिसाची मिळकत सर्वांत कमी होती. त्यांची नजर साऱ्या गिरणीत अव्वल मानली जाई. बक्षीस होते तेव्हा ते खोटी खूण करीत नसत म्हणून मागे पडले, आणि दंड होता तेव्हा खरी खूण टाळीत नसत म्हणून वादात सापडले. त्यांच्या मागण्या त्यांनी वर्षानुवर्षे सांगितल्या होत्या आणि त्यांत पैसा नव्हता. मेजावर बाजूने येणारा स्वच्छ उजेड हवा, तासा-दीड तासाने डोळ्यांना विसावा हवा, आणि परत आलेला तागा ज्याने पाहिला त्याच्यापुढे पुन्हा उलगडून ‘हे येथे राहिले’ असे दाखवावयास हवे. यांपैकी एकही मागणी गिरणी बंद पडेपर्यंत पुरी झाली नाही.

त्या तिसऱ्या मागणीचे महत्त्व आम्हांला पुढे अधिक कळले. कापडाचा परत आलेला तागा निदान परत तरी येतो. विमानतळावर जे निसटले ते निसटल्याचे कोणालाच कळत नाही. ज्याच्या पिशवीत विसरलेला चाकू राहून गेला तो प्रवासी सुखरूप उतरतो, घरी जाऊन पेटी उघडतो, चमकतो आणि गप्प बसतो. ज्या कामात चूक दिसतच नाही, त्या कामात बरोबरचे बक्षीस मोजणार कसे? त्यासाठी दोन उपाय निघाले आहेत. एक म्हणजे यंत्रच मधून मधून खऱ्या पिशवीच्या चित्रात खोट्या हत्याराचे चित्र मिसळते. तपासनिसाने कळ दाबली की शाबासकी, न दाबली की ते निसटले असे यंत्र सांगते. दुसरा म्हणजे वेषांतर केलेले परीक्षक बनावट हत्यारे घेऊन रांगेत शिरतात. पुतणी म्हणे, यंत्राने दडविलेले चित्र सापडले की दिवसभर बरे वाटते, कोणीतरी आपले पाहणे पाहिले असे वाटते. मॅकवर्थने सांगितलेली ती लगोलगची दाद हीच. विरळ गोष्टीची मनाला आठवण राहावी म्हणून तिचे सोंग मधून मधून दाखवीत राहणे, हा उपाय आम्हांला शहाणपणाचा वाटतो. पण त्याच गुणांवर पगार बांधला की माणूस हत्यार शोधण्याऐवजी सोंग ओळखण्यात तरबेज होण्याचा धोका आहे. परीक्षेला येणारे तेवढेच वाचणारे विद्यार्थी आपण घरोघर पाहतोच.

अमेरिकेचा या बाबतीतला अनुभव फार बोलका आहे. २००१ पूर्वी तेथे तपासणीचे काम विमान कंपन्या खासगी कंत्राटदारांकडून करवून घेत, आणि कंत्राट बहुधा सर्वांत स्वस्त बोलीला मिळे. तपासनिसाचा पगार किमान वेतनाच्या आसपास असे. त्याच विमानतळावरील खाद्यपदार्थांच्या दुकानात त्याहून अधिक मिळत असे. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २००० साली नमूद केले की मे १९९८ ते एप्रिल १९९९ या एका वर्षात १९ मोठ्या विमानतळांवर नोकरी सोडून जाणाऱ्यांचे सरासरी प्रमाण १२६ टक्के होते, आणि एका ठिकाणी तर ते ४१६ टक्क्यांवर गेले. म्हणजे पडद्यासमोरची खुर्ची वर्षातून चार वेळा रिकामी होत होती. नजर तयार होण्यास वेळ लागतो. ती तयार होण्याआधीच माणूस निघून जात होता.

११ सप्टेंबर २००१ च्या आघातानंतर त्याच वर्षी नोव्हेंबरात कायदा होऊन हे काम सरकारने आपल्याकडे घेतले. पगार सुधारले. पुढे २००६ च्या सुमारास कामगिरीनुसार वेतनवाढ आणि बोनस देणारी पद्धत आली. चाचण्यांचे गुण आणि वरिष्ठांचे मूल्यमापन यांवर वर्षाअखेरची रक्कम ठरू लागली. हेतू चांगला होता. पण मूल्यमापन वरिष्ठाच्या मर्जीवर चालते, अशी तक्रार कर्मचाऱ्यांनी वारंवार केली आणि काही वर्षांनी ती पद्धत मोडीत निघाली. २०१५ साली बाहेर आले की वेषांतर केलेल्या परीक्षकांनी ७० वेळा बनावट हत्यारे व स्फोटके नेऊन पाहिली आणि ६७ वेळा ती पकडली गेली नाहीत. संस्थेच्या हंगामी प्रमुखाला तत्काळ हलविण्यात आले. नव्या प्रमुखाने कारण शोधताना जे सांगितले ते ध्यानात ठेवण्यासारखे आहे. सुरक्षेपेक्षा वेगावर भर वाढला होता. रांग किती लांब आहे हे रोज दिसत होते, मोजता येत होते आणि त्याचा जाब विचारता येत होता. निसटलेले मात्र दिसत नव्हते. जे मोजले जाते तेच वाढते, आणि जे मोजता येत नाही ते मुकाट्याने सुकते.

याच कथेचा आणखी एक पदर २०१६ साली तेथील संसदीय समितीपुढे उलगडला. सुरक्षा कामकाजाची धुरा ज्यांच्याकडे होती त्या वरिष्ठ अधिकाऱ्याला तेरा महिन्यांच्या काळात ९०,००० डॉलर बोनसरूपाने मिळाले होते, आणि परीक्षेचा तो दारुण निकाल त्यांच्याच कारकिर्दीतला होता. प्रोत्साहनाचा पैसा असा वरच्या मजल्यावर साचला. ज्याच्या डोळ्यांवर सारा डोलारा उभा, तो खालीच राहिला. बरे, तो पैसा खाली पोचला असता तर तेवढ्याने त्या ६७ पैकी किती अडली असती? उंबरठा थोडा खाली आला असता एवढेच. विसावा, शिक्षण आणि लगोलगची दाद यांची जागा त्याने घेतली नसती.

जुलै २०२३ मध्ये तेथे निराळे पाऊल उचलले गेले. तपासनिसांचे वेतन इतर सरकारी नोकरांच्या वेतनश्रेणीच्या बरोबरीला आणले गेले, आणि त्यानंतर नोकरी सोडणाऱ्यांचे प्रमाण घटले. यात दर पकडीमागे बक्षीस नाही, दर चुकीमागे दंडही नाही. आहे ते इतकेच की मन लावून काम करणाऱ्या माणसाला तेथेच टिकून राहावेसे वाटावे. पैशाचे या कामातील खरे स्थान आमच्या मते हेच. पैसा माणसाला खुर्चीवर टिकवितो. त्याची नजर पैशाने टवटवीत राहत नाही.

यावर कोणी आपल्याकडील सीमाशुल्क विभागाचे उदाहरण देईल, आणि ते रास्तही आहे. चोरटा माल पकडला गेला, तर त्याच्या विक्रीतून येणाऱ्या निव्वळ रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत बक्षीस खबऱ्याला आणि अधिकाऱ्यांना देण्याची तरतूद आपल्या सरकारी धोरणात आहे. सोने पकडल्याच्या बातम्या आपण नित्य वाचतो, तेव्हा हे बक्षीस अगदीच वाया जाते असे म्हणवत नाही. मग विमानतळाच्या एका दाराशी जे चालते ते दुसऱ्या दाराशी का चालू नये? कारण दोन्ही दारांची जात भिन्न आहे. सोने वारंवार येते, सापडले की वजन करता येते, त्याची किंमत ठरते, आणि बहुधा त्यामागे खबर असते. ते निसटले तर सरकारचा महसूल बुडतो. सुरक्षा तपासणीच्या दाराशी जे शोधायचे ते जवळजवळ कधीच येत नाही, त्याची खबर नसते आणि ते निसटले तर बुडते ते भरून येणारे नसते. आमचे पणजोबा पहिल्या प्रकारच्या दाराशी उभे होते आणि त्यांच्या पणतूची मुलगी दुसऱ्या प्रकारच्या. आम्हांला विचाराल तर दुसरे दार अधिक अवघड.

आपल्या देशाला या दाराची किंमत डिसेंबर १९९९ मध्ये मोजावी लागली. काठमांडूहून दिल्लीला निघालेले इंडियन एअरलाइन्सचे विमान कंदाहारला नेले गेले. तोवर विमानतळांची राखण राज्यांचे पोलीस करीत. त्यानंतर ती टप्प्याटप्प्याने केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे सोपविण्यात आली आणि ३ फेब्रुवारी २००० रोजी जयपूर हे त्यांतील पहिले विमानतळ ठरले. त्या दलाची तरुण मुले-मुली आज अनेक विमानतळांवर पडद्यासमोर बसतात. त्यांचे पद ‘जवान’ असल्याने आपण त्यांच्याकडून धैर्याची अपेक्षा करतो. वस्तुतः त्यांच्या कामाला लागते ती चिकाटी. गोळीसमोर छाती काढणे एका क्षणाचे असते. सतरा लाख निरुपद्रवी पिशव्यांनंतरच्या पिशवीकडेही पहिलीसारखेच पाहणे रोजचे असते, आणि त्याला पदक नाही.

पुतणीला आम्ही एकदा सरळच विचारले की, प्रत्येक हत्यारामागे शंभर डॉलर ठेवले तर तुझी नजर वाढेल काय? ती हसून म्हणाली, “काका, पहिल्या आठवड्यात वाढेल. नंतर मी पिशवी पाहीनाशी होईन आणि शंभर डॉलर शोधू लागेन. पिशवीत ते नसले की माणसाचा राग येईल.” मग जरा थांबून म्हणाली, “मला वीस मिनिटांनी उठू द्यावे, चुकले तर त्याच दिवशी दाखवावे, आणि घरभाड्याची चिंता पडद्यासमोर यायला नको. एवढे झाले की मी पाहते.” गिरणीतल्या त्या वृद्ध तपासनिसांना आमच्या पुतणीचे नावही ठाऊक नव्हते; ते जाऊनही पुष्कळ वर्षे झाली. दोघांच्या मागण्यांत मात्र आम्हांला फरक काढता आला नाही.

घरातील वडीलधाऱ्यांपैकी आता एक वहिनीच उरल्या आहेत. त्यांचे वय ऐंशीच्या पुढे गेले आहे. मागील वर्षी त्या मुलाकडे अमेरिकेत गेल्या तेव्हा तपासणीच्या रांगेत त्यांची पिशवी बाजूला काढली गेली. डिंकाचे लाडू पडद्यावर नारिंगी दिसले असावेत. तपासनीस बाई तरुण होती, तिने परवानगी मागून डबा उघडला, हुंगला आणि हसून परत दिला. परतल्यावर वहिनींनी ही हकीकत सांगितली तेव्हा आम्ही कौतुकाने विचारले की, राग आला असेल? त्या म्हणाल्या, “राग कसला? माझ्या मागे दोनशे माणसे उभी होती आणि तिने माझा डबा इतक्या शांतपणे पाहिला, जणू दिवसाचा पहिलाच. मी तिला एक लाडू देऊ केला. तिने घेतला नाही. नियम असेल.” आणि जरा वेळाने, बोलण्याच्या ओघात नसलेली एक गोष्ट त्यांनी विचारली: “आपल्या मुलीला पगार तरी बरा देतात ना रे?”